जखमी मेंदू आणि संप्रेरक-उपचार : प्रोजेस्टेरॉन-संशोधनाची चिकित्सा

सारांश

मेंदूला झालेल्या आघातजन्य इजेनंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दिल्यास रुग्ण वाचतो व अधिक चांगला सावरतो, असे गृहीतक प्राणिप्रयोगांतून पुढे आले. दोन लहान चाचण्यांनी त्यास बळ दिले आणि २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत ते टिकले नाही. प्रस्तुत लेखात या प्रवासाची चिकित्सा केली आहे. मोठ्या चाचण्यांच्या अपयशासाठी दिली जाणारी स्पष्टीकरणे आधीच्या यशालाही तितकीच लागू पडतात, त्यामुळे ती सोयीनुसार वापरता येत नाहीत, असे येथे प्रतिपादन केले आहे. तसेच 'संप्रेरक-उपचार' या एका नावाखाली दोन वेगळ्या प्रकारचे उपचार मिसळले जातात, याकडेही लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : आघातजन्य मेंदू-इजा, प्रोजेस्टेरॉन, यादृच्छिक चाचणी, परिणाम-मापन, पीयूषिका ग्रंथी

प्रस्तावना

डोक्याला मार बसल्यानंतर मेंदूची हानी दोन टप्प्यांत होते. आघाताच्या क्षणी ज्या पेशी फाटतात किंवा चिरडतात ती प्राथमिक हानी होय. ती परत भरून काढता येत नाही. त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत सूज येते, दाह वाढतो, पेशींमध्ये घातक रसायने साचतात व आघातातून वाचलेल्या पेशीही मरू लागतात. ही दुय्यम हानी होय. औषधाला वाव आहे तो या दुसऱ्या टप्प्यात. गेल्या अर्धशतकात येथे अनेक औषधे वापरून पाहिली गेली. परंतु जखमी मेंदूच्या पेशी वाचवून रुग्णाची पुढील स्थिती निश्चितपणे सुधारते, असे निर्विवाद सिद्ध झालेले औषध आजही हाती नाही.

या अपयशी प्रयत्नांत प्रोजेस्टेरॉनची कथा सर्वांत आशादायक होती. म्हणूनच ती सर्वांत उद्बोधकही आहे. प्रस्तुत लेखक पदव्युत्तर वर्गाला शरीरक्रिया-मानसशास्त्र हा विषय शिकवतो. विद्यार्थिदशेत मिळालेल्या टिपणांत ही कथा २००८ या वर्षापाशी थांबत होती आणि तिचा शेवट यशाचा होता. अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत लेखकानेही ती तशीच शिकवली. २०१४ चे निकाल तेव्हा प्रसिद्ध झालेले होते, ते पाहण्याचे राहून गेले. ही चूक एकट्याची असती तर तिची नोंद करण्याचे कारण नव्हते. परंतु आशादायक निष्कर्ष पाठ्यक्रमात जितक्या सहज शिरतो तितक्या सहज त्याचे खंडन शिरत नाही, असा अनुभव अनेक अध्यापकांना असेल. प्रस्तुत चिकित्सेमागे ही प्रेरणा आहे.

गृहीतकाची जडणघडण

या संशोधनाचे प्रवर्तक डोनाल्ड स्टाइन हे मूळचे मानसशास्त्राचे अभ्यासक. अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात व पुढे अटलांटा येथील एमरी विद्यापीठात त्यांनी मेंदूच्या पुनर्प्राप्तीवर दीर्घकाळ काम केले. सारखीच इजा केलेल्या उंदरांपैकी काही माद्या नरांपेक्षा चांगल्या सावरतात, या निरीक्षणातून त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इजेच्या वेळी मादीची संप्रेरक-स्थिती काय होती यावर तिचे सावरणे अवलंबून असल्याचे दिसले. १९९३ मध्ये रूफ, दुव्देवानी व स्टाइन यांनी अधिक नेमका पुरावा दिला. आभासी गर्भावस्थेतील माद्यांमध्ये, म्हणजे ज्यांच्या शरीरात प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण जास्त होते त्यांच्यात, मेंदूची सूज सर्वांत कमी आढळली. पुढे नरांनाही हे संप्रेरक टोचले असता सूज कमी झाली आणि शिकलेले मार्ग आठवण्याच्या चाचण्यांत ते प्राणी अधिक चांगले ठरले.

गृहीतकाला सैद्धांतिक आधारही मिळाला. प्रोजेस्टेरॉन हे केवळ अंडाशयाचे संप्रेरक नाही. मेंदू स्वतःही ते तयार करतो. अशा द्रव्यांसाठी फ्रेंच वैज्ञानिक एतिएन-एमिल बोलिय यांनी १९८१ मध्ये 'न्यूरोस्टिरॉइड' ही संज्ञा रूढ केली. प्रोजेस्टेरॉन सूज कमी करते, दाह आवरते, पेशींचा नियोजित मृत्यू रोखते, असे एकेक परिणाम प्रयोगशाळांतून समोर येत गेले. एका औषधाने दुय्यम हानीचे अनेक दुवे एकाच वेळी तोडावेत, याहून अधिक काय हवे होते? शिवाय ते स्वस्त होते, दीर्घकाळ वापरात होते आणि त्याचे धोके परिचित होते.

तथापि या मांडणीत एक आकर्षक कल्पना नकळत मिसळली होती. गर्भाच्या रक्षणासाठी निसर्गाने दिलेले द्रव्य मेंदूचेही रक्षण करते, हे ऐकताच पटते. जे ऐकताच पटते त्याची तपासणी कमी होते. मानवी रुग्णांचा अनुभव एवढा सरळ नव्हता. स्त्रिया पुरुषांपेक्षा चांगल्या सावरतात असे काही अभ्यासांत दिसले होते. परंतु फॅरेस व आल्व्हिस यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकत्रित विश्लेषणात बहुतेक निकषांवर स्त्रियांची पुढील स्थिती पुरुषांपेक्षा वाईट आढळली होती. म्हणजे ज्या निरीक्षणावरून गृहीतक सुचले ते निरीक्षण माणसांत निःसंदिग्ध नव्हते. गृहीतक कोठून सुचले यावर त्याची सत्यता अवलंबून नसते, हे खरे. तरीही ही विसंगती थांबून पाहण्याजोगी होती.

दोन लहान चाचण्या

अटलांटा येथील ग्रेडी मेमोरियल रुग्णालयात डेव्हिड राइट व सहकाऱ्यांनी केलेल्या प्राथमिक चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. 'प्रोटेक्ट' या नावाने ही चाचणी ओळखली जाते. मध्यम व तीव्र इजेच्या १०० रुग्णांपैकी ७७ जणांना प्रोजेस्टेरॉन व २३ जणांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखे दिसणारे निष्प्रभ द्रव्य, देण्यात आले. तीस दिवसांत झालेल्या मृत्यूंचे प्रमाण प्रोजेस्टेरॉन-गटात १३.० टक्के, तर प्लासिबो-गटात ३०.४ टक्के होते. औषधामुळे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, असा या आकड्यांचा सरळ अर्थ घेतला गेला.

टक्केवारी बाजूला ठेवून माणसे मोजली की चित्र बदलते. प्लासिबो-गटातील ३०.४ टक्के म्हणजे २३ पैकी ७ व्यक्ती. त्यातील तीन व्यक्ती वाचल्या असत्या तर हे प्रमाण १७.४ टक्क्यांवर आले असते आणि दोन गटांतील फरक लक्ष वेधण्याइतका उरला नसता. एका संप्रेरकाबद्दलची आंतरराष्ट्रीय अपेक्षा तीन व्यक्तींच्या जगण्या-मरण्यावर तोललेली होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. संशोधकांच्या प्रामाणिकपणाविषयी येथे शंका घेण्याचे कारण नाही. ही चाचणी मुख्यतः औषधाची सुरक्षितता पाहण्यासाठी होती व मोठ्या चाचणीची गरज त्यांनीच नमूद केली होती. अर्थ वाढवला तो वाचणाऱ्यांनी.

२००८ मध्ये चीनमधील हांगचौ येथून शियाओ व सहकाऱ्यांनी तीव्र इजेच्या १५९ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. सहा महिन्यांनंतर मृत्यूचे प्रमाण प्रोजेस्टेरॉन-गटात १८ टक्के व प्लासिबो-गटात ३२ टक्के होते. दोन वेगळ्या देशांतून एकाच दिशेचा निष्कर्ष आल्यामुळे विश्वास दुणावला. २०१२ च्या कॉक्रेन समीक्षेत तीन लहान चाचण्यांतील ३१५ रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली; तिचा कलही औषधाच्या बाजूने होता, मात्र मोठ्या चाचण्यांची आवश्यकता तिने स्पष्ट केली होती.

येथे एक पायरी गाळली गेली. किती मात्रा द्यावी, किती दिवस द्यावी, कोणत्या प्रकारच्या इजेत द्यावी, हे ठरवणारी पुरेशी मोठी मधली चाचणी झाली नाही. शंभर रुग्णांवरून थेट हजारावर उडी घेण्यात आली.

२०१४ चे निकाल

दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष डिसेंबर २०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एकत्रच प्रसिद्ध झाले. पहिली 'प्रोटेक्ट'चा तिसरा टप्पा. अमेरिकन शासनाच्या निधीतून ४९ आघात-उपचार केंद्रांत चाललेल्या या चाचणीत ११४० रुग्ण घेण्याचे नियोजन होते. इजेनंतर चार तासांच्या आत औषध सुरू करायचे होते. ८८२ रुग्ण झाल्यावर, पुढे जाऊनही लाभ दिसण्याची शक्यता नाही म्हणून, ती थांबवण्यात आली. सहा महिन्यांनी अनुकूल स्थितीत असलेल्या रुग्णांचे प्रमाण प्रोजेस्टेरॉन-गटात ५१.० टक्के व प्लासिबो-गटात ५५.५ टक्के होते. दुसरी 'सिनॅप्स' ही औषध-कंपनीने पुरस्कृत केलेली, २१ देशांतील तीव्र इजेच्या ११९५ रुग्णांची चाचणी. तिच्यातील प्रमाण होते ५०.४ टक्के व ५०.५ टक्के. मृत्यूच्या प्रमाणातही कोणत्याच चाचणीत प्रोजेस्टेरॉनच्या बाजूने फरक दिसला नाही. शासकीय निधी आणि खासगी निधी, एक देश आणि अनेक देश, चार तास आणि आठ तास, असे भेद असूनही उत्तर एकच आले. २०१६ मध्ये कॉक्रेन समीक्षा अद्ययावत झाली तेव्हा पाच चाचण्यांतील २३९२ रुग्णांच्या आधारे पूर्वीचा आशादायक कल मागे घ्यावा लागला.

एका गोष्टीचा उल्लेख सहसा राहून जातो. बेशुद्ध रुग्ण संमती देऊ शकत नाही व नातेवाईक चार तासांत सापडतीलच असे नाही. त्यामुळे 'प्रोटेक्ट'च्या तिसऱ्या टप्प्यात, स्थानिक लोकसमूहाशी आधी विचारविनिमय करून, आणीबाणीच्या संशोधनासाठी असलेल्या संमती-सवलतीचा आधार घेण्यात आला. ज्यांना विचारताही आले नाही अशा माणसांनी या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. ते उत्तर नकोसे आहे म्हणून दृष्टिआड करणे हा संशोधनपद्धतीचा दोष तर आहेच. शिवाय तो कृतघ्नपणाही आहे.

अपयशाची स्पष्टीकरणे

निकालानंतर स्टाइन यांनी मौन पाळले नाही. २०१५ मध्ये त्यांनी या अपयशापासून काय शिकता येईल याचे विवेचन केले. पुढे २०१७ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे मोठ्या चाचण्यांतील मात्रा व कालावधी योग्य नसावेत असे सुचवले. या चर्चेतील प्रमुख स्पष्टीकरणे तीन आहेत. पहिले, रुग्णांची इजा एकसारखी नव्हती. कोणाच्या मेंदूवर रक्त साचले होते, तर कोणाच्या मेंदूतील तंतू सर्वत्र ताणले गेले होते. दुसरे, मात्रा चुकली. तिसरे, मोजपट्टी बोथट होती. 'ग्लासगो परिणाम-श्रेणी' १९७५ मध्ये जेनेट व बाँड यांनी मांडली. तिची विस्तारित आवृत्ती आठ पायऱ्यांची आहे. मृत्यू ही तळाची पायरी आणि चांगली पुनर्प्राप्ती ही वरची. स्मृती, अवधान, स्वभाव यांतील बारीक बदल तिच्यात सापडत नाहीत.

ही तिन्ही स्पष्टीकरणे स्वतंत्रपणे पाहता अवास्तव नाहीत. प्रयोगशाळेतील उंदीर एका वंशाचा, एका वयाचा, ठरलेल्या जागी व ठरलेल्या जोराने इजा केलेला असतो. आणीबाणी-विभागात येणारा माणूस तसा नसतो. मोजपट्टीविषयीचा आक्षेप तर मानसशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष पटण्याजोगा आहे. परंतु येथे दोन प्रश्न विचारणे भाग आहे.

पहिला प्रश्न मोजपट्टीचा. २००७ व २००८ मधील दावा बारीक बौद्धिक सुधारणेचा नव्हता. मृत्यू कमी होतात असा होता. मृत्यू मोजायला सूक्ष्म पट्टी लागत नाही. आठ पायऱ्यांची श्रेणी कितीही बोथट असली तरी जिवंत आणि मृत यांतील भेद ती ओळखते. दोन्ही मोठ्या चाचण्यांत मिळून २०७७ रुग्ण होते. मृत्यू निम्म्यावर आणणारे औषध एवढ्या संख्येत लपून राहू शकत नाही. म्हणून मोजपट्टीच्या स्पष्टीकरणाने मूळ दावा वाचत नाही. फार तर एक नवा, अधिक मर्यादित दावा उभा राहतो.

दुसरा प्रश्न समतोलाचा. लहान चाचण्यांतील रुग्णांची इजा एकसारखी होती का? नव्हती. त्यांची मात्रा पद्धतशीर शोधातून ठरली होती का? नव्हती. त्यांनी दूरगामी परिणाम अधिक सूक्ष्म पट्टीने मोजले होते का? नाही. जे दोष नकारात्मक निकाल अमान्य करण्यास पुरेसे मानले जातात, तेच दोष होकारात्मक निकालात होते आणि तेव्हा ते कोणालाही अडले नाहीत. परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर प्रश्नपत्रिकेविषयी तक्रार न करणारा विद्यार्थी अनुत्तीर्ण झाल्यावर तिच्यात चुका काढू लागला, तर त्याच्या चुका खऱ्या असूनही त्याची बाजू दुबळी होते.

याचा अर्थ अपयशानंतर काहीच बोलू नये असा नाही. निकालानंतरचे स्पष्टीकरण ग्राह्य ठरते ते त्यातून नवे, चुकीचे ठरू शकेल असे भाकीत निघाले तर. मात्रेविषयीचे स्पष्टीकरण या कसोटीला काही अंशी उतरते. कारण अमुक मात्रेने लाभ होईल व तमुक मात्रेने होणार नाही, हे माणसांत तपासता येते. 'मेंदू-इजा फार गुंतागुंतीची आहे' हे स्पष्टीकरण मात्र या कसोटीला उतरत नाही. ते कोणत्याही औषधाच्या कोणत्याही अपयशाला चालते, म्हणून ते कशाचेच स्पष्टीकरण होत नाही.

एका नावाखाली दोन उपचार

या चर्चेत आणखी एक गोंधळ आहे. 'संप्रेरक-उपचार' या नावाखाली दोन भिन्न विचार एकत्र येतात. एका प्रकारात शरीरात कमतरता नसताना संप्रेरक बाहेरून मोठ्या मात्रेत दिले जाते व त्याच्या औषधी गुणावर भिस्त ठेवली जाते. दुसऱ्या प्रकारात इजेमुळे निर्माण झालेली उणीव मोजून तेवढी भरून काढली जाते.

पहिल्या प्रकाराचा इतिहास सावध करणारा आहे. १९६१ मध्ये मेंदूतील गाठीभोवतीच्या सुजेवर डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा गुण दिसला. सूज तीच, मग औषधही तेच, या तर्काने डोक्याच्या इजेतही स्टिरॉइड देण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडली व तीन दशकांहून अधिक काळ टिकली. 'क्रॅश' या चाचणीत १०,००८ रुग्णांना मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा प्लासिबो देण्यात आले. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन आठवड्यांतील मृत्यू स्टिरॉइड-गटात २१.१ टक्के व प्लासिबो-गटात १७.९ टक्के होते. स्टिरॉइड-गटात १०५२ मृत्यू, दुसऱ्या गटात ८९३. चाचणी झाली नसती तर हे औषध सद्भावनेने दिले जातच राहिले असते. रक्तपेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन हेही एक संप्रेरकच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६०६ रुग्णांच्या चाचणीत त्यानेही मेंदूच्या स्थितीत सुधारणा दाखवली नाही. प्रोजेस्टेरॉन याच मालिकेत बसते. फरक इतकाच की त्याने स्टिरॉइडसारखी जीवितहानी केल्याचे दिसले नाही.

दुसरा प्रकार वेगळा आहे. मेंदूच्या तळाशी, नाजूक देठाला लोंबणारी पीयूषिका ग्रंथी डोक्याच्या आघातात दुखावू शकते. अशा रुग्णाची नोंद १९१८ पासून वैद्यकीय वाङ्मयात आहे, पण दीर्घकाळ ती दुर्मीळ बाब समजली गेली. २००७ मध्ये श्नायडर व सहकाऱ्यांनी केलेल्या समीक्षेत आघातानंतरच्या दीर्घकालीन टप्प्यात सुमारे २७.५ टक्के रुग्णांत या ग्रंथीच्या कार्यात काही ना काही उणीव आढळल्याचे नमूद आहे. निदानाच्या कसोट्या अभ्यासागणिक बदलत असल्याने हा आकडा अंतिम मानू नये. परंतु प्रश्न दुर्मीळ नाही एवढे त्यावरून निश्चित होते. थकवा, उदासी, एकाग्रतेचा अभाव, मंदावलेले विचार ही अशा उणिवेची लक्षणे असू शकतात. मेंदू-इजेचीही हीच लक्षणे असल्यामुळे ती तिच्याच खाती जमा होतात व रक्ततपासणी होत नाही.

कॉर्टिसॉल किंवा थायरॉइड-संप्रेरकाची उणीव सिद्ध झाल्यास ती भरून काढण्याबाबत वैद्यकात दुमत नाही. वृद्धी-संप्रेरकाबाबत चित्र अजून अस्पष्ट आहे. त्याची कमतरता असलेल्या इजाग्रस्तांत ते दिल्याने काही बौद्धिक चाचण्यांत सुधारणा दिसली. पण हे अभ्यास अत्यंत लहान आहेत. प्रोजेस्टेरॉनच्या कथेनंतर लहान अभ्यासातील सुधारणा किती सावधपणे वाचावी, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

मोजपट्टीचा आक्षेप खऱ्या अर्थाने लागू पडतो तो येथे. चालणारा, बोलणारा, कामावर परतलेला, पण दुपारनंतर ज्याला पुस्तकाचे पान सरकत नाही असा रुग्ण जुन्या श्रेणीत वरच्या पायऱ्यांवर बसतो आणि त्याची अडचण नोंदीतून निसटते. सूक्ष्म मानसशास्त्रीय मापनाची गरज प्रोजेस्टेरॉनचा बचाव करण्यासाठी नाही. या रुग्णांसाठी आहे.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष मांडता येतात. एक, प्रोजेस्टेरॉनविषयीचे गृहीतक सुसंगत व तपासण्यायोग्य होते आणि ते तपासले गेले, ही या संशोधनाची जमेची बाजू आहे. तीव्र व मध्यम इजेत दिल्या गेलेल्या मात्रेने ते लाभदायक नाही, हे उत्तर स्वीकारले पाहिजे. दोन, अपयशाचे स्पष्टीकरण देताना तीच कसोटी आधीच्या यशालाही लावली पाहिजे. तीन, संप्रेरक औषध म्हणून देणे आणि संप्रेरकाची उणीव भरून काढणे यांची गल्लत करू नये. पहिल्याच्या अपयशामुळे दुसऱ्याकडे दुर्लक्ष होता कामा नये.

अध्यापकांच्या दृष्टीने याचे दोन व्यावहारिक अर्थ निघतात. पदव्युत्तर वर्गात २००७ चा लेख ज्या दिवशी शिकवला जातो त्याच दिवशी २०१४ चे लेखही समोर ठेवले जावेत. विद्यार्थ्यांनी टक्क्यांमागची माणसे स्वतः मोजावीत. दुसरा अर्थ अधिक जवळचा आहे. दुचाकीच्या अपघातातून वाचून वर्गात परतलेला आणि पूर्वीसारखा न राहिलेला विद्यार्थी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. हजेरी असते, पण लक्ष नसते. मग आळशी, बेफिकीर असे शेरे पडतात. त्याच्या डोक्याला मार लागला होता हे ठाऊक असेल तर शेरा लिहिण्यापूर्वी त्याला मेंदूविकार किंवा अंतःस्राव-तज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला देणे आपल्या हाती आहे. त्यासाठी कोणत्याही नव्या औषधाची वाट पाहावी लागत नाही.